शिरढोणचा उंबरठा आणि आपली मुले

(आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके यांच्या पुण्यतिथीच्या निमित्ताने पनवेल येथे पालक व कार्यकर्त्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय ‘मुले आणि स्थानिक इतिहासाची संग्रहालये’ असा ठेवला आहे. विषय ऐकल्यावर आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांसमोर मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय किंवा पुण्याचे केळकर संग्रहालय आले असेल. ती पाहावीतच. परंतु मी आज आपल्याला इतक्या दूर नेणार नाही. मी आपल्याला नेणार आहे पनवेलपासून आठ-दहा किलोमीटरवर, गोवा महामार्गालगतच्या शिरढोण गावी. तेथे एक वाडा आहे. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी या गावी वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला. ज्या भूमीवर इतिहास घडला, त्याच भूमीवर उभी असलेली अशी वास्तू हेच माझ्या मते सर्वांत लहान आणि सर्वांत अस्सल संग्रहालय होय.

आपण सारे या वाड्याच्या जवळून शेकडो वेळा गेलो आहोत. गणपतीला कोकणात जाताना गेलो, अलिबागला सहलीला जाताना गेलो. गाडीत मागे मुले बसलेली असतात. कर्नाळ्याचा सुळका दिसला की ती बोट दाखवितात. आपण म्हणतो, ‘तो कर्नाळा.’ आणि गाडी पुढे जाते. त्या ‘तो कर्नाळा’नंतर आपण काय सांगतो, एवढाच आजच्या व्याख्यानाचा प्रश्न आहे.

वीस मिनिटांची सहल

प्रारंभी मी माझ्या एका चुकीची कथा सांगतो. काही वर्षांपूर्वी बाल स्वयंसेवकांची एक सहल मी शिरढोणला नेली होती. चाळीस मुले होती, पाचवी ते आठवीतली. बस थांबली, मुले रांगेने उतरली. स्मारकाला हार घातला, घोषणा झाल्या, वाड्यात जाऊन आलो, मी पाच मिनिटे भाषण केले, छायाचित्र काढले. सगळे मिळून वीस मिनिटांत आटोपले. मला कार्यक्रम उत्तम झाल्याचे समाधान होते. आमच्या वृत्तात ‘मुलांनी क्रांतिवीरांना अभिवादन केले’ असे एक वाक्य लिहून मी मोकळा झालो असतो.

परंतु परतताना सहावीतला एक मुलगा माझ्या शेजारी येऊन बसला. त्याचे वडील मराठवाड्यातून नोकरीसाठी खारघरला आलेले. त्याने हळूच विचारले, ‘काका, ते दरोडे घालत होते ना? मग ते चोर होते का?’

मी त्याला काय उत्तर दिले असेल? मी म्हणालो, ‘असे बोलू नये. ते थोर देशभक्त होते.’ मुलगा गप्प झाला आणि खिडकीबाहेर पाहू लागला. पुढच्या वर्षीच्या सहलीला तो आला नाही.

मित्रहो, ती गोष्ट आजही माझ्या मनाला लागून आहे. चाळीस मुलांपैकी एकानेच खरा विचार केला होता आणि त्या एकालाच मी गप्प बसविले. उरलेल्या एकोणचाळीस जणांच्या मनात प्रश्नच उठला नव्हता, म्हणून ते मला शहाणे वाटले होते. त्या मुलाचा प्रश्न श्रद्धेच्या विरोधातला नव्हता. श्रद्धा ठेवण्यापूर्वी माणूस जो विचारतो, तोच तो प्रश्न होता. त्याचे उत्तर मला देता आले नाही, कारण ते मी स्वतः कधी शोधले नव्हते.

एकाच रस्त्यावरची तीन पाने

त्यानंतर मी पुन्हा अभ्यासाला बसलो. नवे असे काही शोधले नाही. जे छापलेले, सर्वांना उपलब्ध आहे, तेच नीट वाचले. आणि ध्यानात आले की पनवेलहून निघालेल्या त्या एकाच रस्त्यावर पळस्पे, शिरढोण आणि कर्नाळा ही तीन ठिकाणे ओळीने उभी आहेत, आणि एका आयुष्याची तीन पाने तेथे उलगडतात. फक्त ती उलट्या क्रमाने वाचावी लागतात. पहिले पान कर्नाळ्याचे, दुसरे शिरढोणचे आणि तिसरे पळस्प्याचे.

पुढल्या वेळी मी बाराच मुले घेतली. सकाळी प्रथम थेट कर्नाळा गाठला. किल्ला चढताना मुलांना पक्षी दाखविले, झाडे दाखविली. वर सुळक्याच्या पायथ्याशी बसविले आणि खाली पाहायला सांगितले. किल्ला येथेच का बांधला, हे मी सांगितले नाही, त्यांनाच विचारले. एक मुलगा म्हणाला, ‘येथून रस्ता दिसतो.’ दुसरा म्हणाला, ‘खाडीसुद्धा दिसते.’ बंदराकडून घाटाकडे जाणाऱ्या मालावर आणि माणसांवर येथून नजर राहत असे, हे त्यांनीच शोधून काढले. मग मी सांगितले, की शिवछत्रपतींनी १६५७ साली हा किल्ला स्वराज्यात आणला. पुरंदरच्या तहात १६६५ साली तो मोगलांना द्यावा लागला. १६७० साली मावळ्यांनी तो पुन्हा जिंकला. पेशवाईत येथे किल्लेदार असत, आणि शेवटच्या काळात वासुदेव बळवंतांचे आजोबा अनंतराव फडके हे येथील किल्लेदार होते. १८१८ साली तो इंग्रजांच्या हाती गेला.

मुलांना मी एवढेच म्हटले, ‘१८१८ ते १८४५ किती वर्षे झाली?’ उत्तर आले, ‘सत्तावीस.’ म्हणजे ज्याने हा किल्ला हातातून जाताना पाहिला, त्या आजोबांचा नातू त्याच किल्ल्याच्या पायथ्याशी जन्मला. अंगणातून सुळका दिसतो आहे आणि त्यावरचे निशाण परक्याचे आहे. लहानग्या वासुदेवाच्या मनात काय आले असेल, हे मग मला समजावून सांगावे लागले नाही.

येथे मला आणखी एका मुलाची आठवण होते. नागपूरच्या सीताबर्डीच्या किल्ल्यावर युनियन जॅक फडकत असे. तो उतरवायचा म्हणून काही शाळकरी मुलांनी आपल्या गुरुजींच्या घरातून किल्ल्यापर्यंत भुयार खणायला सुरुवात केली होती. त्या मुलांत केशव हेडगेवार होता. भुयार पूर्ण व्हायचे नव्हते, ते झालेही नाही. गुरुजींना पत्ता लागला आणि मुलांना बोलणी बसली. परंतु ही कथा आपण सांगतो तेव्हा एक गोष्ट विसरतो. केशवाला तो ध्वज पुस्तकात भेटला नव्हता. तो त्याला रोज, आपल्याच गावात, आपल्याच डोळ्यांनी दिसत होता. ज्या किल्ल्याकडे मुलाने पाहिले आहे, त्याच किल्ल्यासाठी त्याचे मन पेटते.

रजा नाकारलेला कारकून

कर्नाळ्याहून उतरून आम्ही शिरढोणला आलो. या वेळी मी भाषण केले नाही. वाड्याच्या उंबरठ्याशी मुलांना बसविले आणि एक साधी गोष्ट सांगितली.

वासुदेव बळवंत पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून होते. सरकारी नोकरी, नियमित पगार, सगळे सुरळीत. एके दिवशी आई अत्यवस्थ असल्याचा निरोप आला. त्यांनी रजा मागितली. साहेबाने ती दिली नाही. ते रजेविनाच निघाले, पण पोहोचले तेव्हा आई गेलेली होती. पुढे वर्षश्राद्धासाठी रजा मागितली, तीही मिळाली नाही.

बारा मुलांमध्ये एकदम शांतता पसरली. किल्लेदार, तह, तारखा यांपेक्षा मुलांना ही रजा समजते. कारण त्यांचेही आई-वडील रजा मागतात, त्यांनाही कधी मिळते, कधी मिळत नाही. एक मुलगी म्हणाली, ‘माझ्या बाबांनासुद्धा आजी गेली तेव्हा उशीर झाला होता.’ दीडशे वर्षांचे अंतर त्या एका वाक्याने नाहीसे झाले.

अर्थात वैयक्तिक दुःखातून कोणी राज्याविरुद्ध उठत नाही, हेही मुलांना सांगावे लागते. ज्याला रजा मिळाली नाही अशा प्रत्येकाने बंड केले नाही. वासुदेव बळवंतांच्या डोळ्यांसमोर त्यानंतर आला तो १८७६-७७ चा दुष्काळ. दख्खनमध्ये माणसे अन्नान्न करून मरत होती आणि सारावसुली थांबत नव्हती. ते गावोगाव हिंडले, त्यांनी ती माणसे पाहिली. पुण्यात वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्यासमवेत त्यांनी राष्ट्रीय शिक्षणाच्या कार्यात भाग घेतला होता. पुढे महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी या नावाने जी संस्था वाढली, तिचे मूळ तेथे आहे. लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत ते शस्त्रविद्या शिकले. ज्या काळी समाज जातीजातींच्या भिंतींत बंदिस्त होता, त्या काळी एक चित्पावन ब्राह्मण कारकून मातंग समाजातील वस्तादाला गुरू मानतो आणि रामोशी बांधवांच्या खांद्याला खांदा लावून रानावनात राहतो, ही गोष्ट आपण समरसतेची उदाहरणे शोधताना पुष्कळदा विसरून जातो. मुलांना ती येथे, या उंबरठ्यावर सांगावी.

पळस्प्याचा प्रश्न

आता तिसरे पान, आणि ते सर्वांत अवघड. परतीच्या वाटेवर आम्ही पळस्प्याला थांबलो. पळस्पे फाटा ठाऊक नाही असा पनवेलकर नसेल. तेथे आपण पुलाखालून वळतो, एस.टी.ची वाट पाहतो, भजी खातो. परंतु १८७९ च्या मे महिन्यात, १० आणि ११ तारखेला, वासुदेव बळवंतांचे उजवे हात दौलतराव नाईक यांनी आपल्या रामोशी सहकाऱ्यांसह पळस्पे आणि चिखली येथे दरोडे घातले, ही गोष्ट किती जणांना ठाऊक आहे? लूट घेऊन घाटमाथ्याकडे परतत असताना मेजर डॅनियलच्या तुकडीने त्यांना गाठले आणि दौलतराव गोळीला बळी पडले. वासुदेव बळवंतांच्या उठावाचा कणाच त्या दिवशी मोडला.

मी ही हकीकत सांगितली आणि थांबलो. कारण मला ठाऊक होते की तो प्रश्न येणार. तो आला, पण मला वाटले होते त्याहून अधिक टोकदार होऊन आला. सातवीतल्या एका मुलीने विचारले, ‘ज्यांच्या घरात दरोडा पडला, त्या घरातली मुले घाबरली असतील ना?’

या वेळी मी तिला गप्प केले नाही. मी म्हटले, ‘हो, घाबरली असतील.’

आणि मग आम्ही रस्त्याच्या कडेला एका झाडाखाली अर्धा तास बोलत बसलो. मी त्यांना सांगितले, की १८७९ च्या फेब्रुवारीत शिरूर तालुक्यातील धामारी गावी पहिला दरोडा पडला. हा पैसा वासुदेव बळवंतांना स्वतःसाठी नको होता. सैन्य उभारण्यासाठी, माणसे पोसण्यासाठी तो हवा होता. सुशिक्षित आणि श्रीमंत मंडळींकडे त्यांनी आधी मदत मागून पाहिली होती, ती मिळाली नाही. मी हेही सांगितले, की सोबतच्या काही जणांचे लक्ष ध्येयापेक्षा लुटीकडे अधिक होते आणि त्याचे त्यांना अतोनात दुःख झाले. निराश होऊन ते श्रीशैल मल्लिकार्जुनाच्या चरणी गेले, हेही सांगितले. सरकारने त्यांच्यावर इनाम लावले, तेव्हा त्यांनी उलट मुंबईच्या गव्हर्नरच्या डोक्यावर इनाम लावले, हे ऐकून मुले हसली. आणि २० जुलै १८७९ रोजी विजापूरकडील देवर नावदगी येथे, तापाने फणफणलेल्या अवस्थेत ते पकडले गेले, हे ऐकून पुन्हा गंभीर झाली.

मग मी त्यांना सार्वजनिक काकांविषयी सांगितले. गणेश वासुदेव जोशी हे पुण्याच्या सार्वजनिक सभेचे धुरीण, सनदशीर मार्गाने जाणारे. वासुदेव बळवंतांचा मार्ग त्यांचा नव्हता. परंतु खटला उभा राहिला तेव्हा आरोपीचे वकीलपत्र घेऊन उभे राहायला हेच काका पुढे आले. सरकारची गैरमर्जी होणार हे ठाऊक असूनही पुढे आले. मुलांना मी विचारले, ‘काकांना दरोडे मान्य होते का?’ मुले म्हणाली, ‘नाही.’ ‘मग ते का उभे राहिले?’ बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी एक मुलगा म्हणाला, ‘कारण त्यांना माणूस खरा वाटला असेल.’

बंधू-भगिनींनो, याहून चांगले उत्तर मला आजवर सुचलेले नाही. मार्गाविषयी मतभेद असू शकतात, घाबरलेल्या मुलांविषयी कणव असू शकते, आणि तरीही ज्याने सर्वस्व पणाला लावले त्याच्यापुढे मस्तक नम्र होऊ शकते. या तिन्ही गोष्टी एकाच मनात राहू शकतात, हे सातवीतल्या मुलांना कळते. आपल्यालाच ते कळणार नाही अशी भीती वाटत असते. म्हणून आपण त्यांना घोटून गुळगुळीत केलेला इतिहास देतो. गुळगुळीत दगड हातातून सहज निसटतो. ज्याला कंगोरे असतात, तोच मुठीत राहतो.

शेवटी एडन सांगितले. जन्मठेपेची शिक्षा, समुद्रापलीकडचा तुरुंग, दार उचकटून केलेले पलायन, पुन्हा झालेली अटक, आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथेच आलेला अंत. वय अवघे सदतीस. जवळ आपले कोणी नाही. ज्याला आईच्या अंतकाळी शिरढोणला पोहोचता आले नाही, त्याच्या स्वतःच्या अंतकाळी शिरढोणचे कोणीही पोहोचू शकले नाही. हे वाक्य मी मुलांना सांगितले नाही. घरी आल्यावर माझे मलाच ते सुचले.

चिरनेरची आठ नावे

वासुदेव बळवंत एकटे पडले, असे आपण म्हणतो. परंतु त्यांच्यामागून अर्धशतकाने याच परिसरात काय घडले, ते पाहा. उरण तालुक्यातील चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रह झाला. अक्कादेवीच्या डोंगरावर हजारो माणसे जमली. रानातले लाकूडफाटे, गवत, ज्यावर पिढ्यान्पिढ्या त्यांचे घर चालत आले होते, ते परक्या सरकारच्या कायद्याने त्यांच्यापासून हिरावून घेतले होते. पोलिसांनी गोळीबार केला. आठ सत्याग्रही हुतात्मे झाले. खुद्द मामलेदार जोशी हेही त्या गोळीबारात मृत्युमुखी पडले. त्या आठांमध्ये कोणी पुण्याचा वकील नव्हता की मुंबईचा पुढारी नव्हता. ती आसपासच्या गावांतली साधी, कष्टकरी माणसे होती.

त्याच वर्षी २१ जुलै रोजी यवतमाळ येथे डॉक्टर हेडगेवारांनीही जंगल सत्याग्रह केला होता. संघाचे दायित्व डॉ. परांजपे यांच्याकडे सोपवून ते सत्याग्रहात सहभागी झाले आणि नऊ महिन्यांची शिक्षा होऊन ते अकोल्याच्या तुरुंगात गेले. डॉक्टरांचा जंगल सत्याग्रह आपण बौद्धिकात आवर्जून सांगतो. परंतु त्याच सत्याग्रहाचे रक्त आपल्या शेजारी चिरनेरला सांडले, हे आपल्यातील किती जणांनी जाऊन पाहिले आहे? मुलांना तेथे न्यावे. स्तंभावरची नावे त्यांनी मोठ्याने वाचावीत. कोणते नाव कोणत्या गावचे, ते वहीत लिहून घ्यावे. त्या गावांपैकी एखाद्या गावचा मुलगा आपल्या वर्गात असतोच. दुसऱ्या दिवशी वर्गात तो वेगळा दिसतो.

माळ्यावरचे संग्रहालय

आता आपल्यापैकी काही जण म्हणतील, की हे सगळे ठीक, पण आमच्याजवळ इतिहासाची पदवी नाही. दिनकर केळकरांजवळ तरी कोठे होती? चष्म्यांचा व्यवसाय करणारा हा गृहस्थ, ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता करणारा. गावोगाव फिरून त्यांनी दिवे, अडकित्ते, दौती, दरवाजे, वाद्ये जमविली. त्यांचा लहानगा मुलगा राजा अकाली गेला. त्या मुलाच्या नावाने पुण्यात संग्रहालय उभे राहिले. आज तेथे सुमारे वीस हजार वस्तू आहेत, आणि त्या साऱ्या तुमच्या-आमच्यासारख्यांच्या घरांतल्या आहेत. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून, वाळवी लागलेली दफ्तरे गोळा करीत हिंडले. १८९८ पासून त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडाखंडाने प्रसिद्ध केली. दोघांनीही एकच गोष्ट केली. लोक जे टाकून देत होते, ते त्यांनी उचलले.

पनवेलच्या जुन्या घरांत आजही जाते आहे, पाटा-वरवंटा आहे, पितळी समई आहे. आगरी-कोळी बांधवांच्या घरांत इरले आहे, कणगी आहे, पाग आहे, मिठागरात राबलेल्या हातांच्या आठवणी आहेत. इमारतीचा पुनर्विकास ठरला की या वस्तू सर्वांत आधी भंगारात जातात. माझी एक साधी सूचना आहे. घर रिकामे करण्यापूर्वी मुलांना आजीजवळ बसवा. एकेक वस्तू हातात द्या. ती कशासाठी होती, कोणी आणली, शेवटची कधी वापरली, हे आजीने सांगावे आणि मुलाने लिहावे. दहा वस्तूंची दहा पाने झाली की आपल्या घराचे पहिले संग्रहालय तयार झाले. ज्या मुलाने आजीच्या जात्याची नोंद केली आहे, तो पुढे कोणत्याही संग्रहालयात काचेला नाक लावून उभा राहील. त्याला हाताला धरून फिरवावे लागणार नाही.

हे गाव कोणाचे?

शेवटचा मुद्दा. १८५२ साली नगरपालिका झालेले हे गाव २०१६ साली महानगरपालिका झाले. ज्या गावात १८७२ साली कृष्णशास्त्री पुराणिकांनी धूतपापेश्वरच्या रूपाने आयुर्वेदाची औषधे बनविण्यास आरंभ केला, त्या गावाच्या वेशीवर ८ ऑक्टोबर २०२५ रोजी आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले. त्यासाठी उलव्याची टेकडी सपाट झाली, उलवे नदीचा प्रवाह वळविला गेला, दहा गावांना आपली जागा सोडावी लागली. विकास हवाच, त्याबद्दल वाद नाही. परंतु ज्या मुलांच्या आजोबांचे घर त्या धावपट्टीखाली आहे, आणि जी मुले कालच या शहरात राहायला आली आहेत, ती दोन्ही आज एकाच बाकावर बसतात. एकाची भूमी हरवली आहे, दुसऱ्याला ती अजून सापडलेली नाही.

बसमध्ये माझ्याजवळ येऊन बसलेल्या त्या मुलाला बहुधा असेही वाटत असेल, की हे माझे गाव नाही, हा माझा इतिहास नाही. त्याला मी सांगायला हवे होते, की बाळा, वासुदेव बळवंत जन्मले शिरढोणला, राहिले पुण्याला, लढले घाटावर, पकडले गेले विजापूरकडे आणि गेले एडनला. ते एका गावचे असते तर घरीच राहिले असते. ज्या मातीत तू रोज खेळतोस, तिचा इतिहास तुझा आहे. तो तुझ्या नावावर करून देण्याचे काम आमचे. ते त्या दिवशी मी केले नाही.

म्हणून आपल्याकडून मी फक्त एक रविवार मागतो. मोठी बस नको, फलक नको, वृत्तपत्रात छायाचित्र नको. आपली दोन मुले आणि शेजारच्यांची दोन घ्या, विशेषतः जे शेजारी बाहेरून आले आहेत त्यांची. सकाळी कर्नाळा चढा. दुपारी शिरढोणच्या वाड्यात निवांत बसा. वाडा बंद झाला तरी अंगणात बसा. परतताना पळस्प्याला पाच मिनिटे थांबा आणि दौलतराव नाईकांचे नाव घ्या. मुलांच्या हाती वही द्या. भाषण करू नका, विचारा. आणि एखादे मूल अवघड प्रश्न विचारील, तेव्हा कृपा करून ‘असे बोलू नये’ म्हणू नका. उत्तर ठाऊक नसेल तर ‘आपण दोघे मिळून शोधू’ म्हणा.

एडनच्या कोठडीत गेलेल्या त्या सदतीस वर्षांच्या तरुणाला हारांची आवश्यकता नाही. आपल्या गावच्या मुलांनी आपल्या उंबरठ्यावर बसून आपल्याविषयी निर्भयपणे प्रश्न विचारावेत, याहून अधिक त्याने काय मागितले असते?

 भारतमाता की जय!